गृहस्थाश्रमातील दुचाकी-दुरुस्ती

दुचाकी वाहनाची प्राथमिक देखभाल घरच्या घरी, स्वहस्ते आणि कोणतेही पूर्वशिक्षण नसताना करण्याची जी ऊर्मी महाराष्ट्रातील शहरी मध्यमवर्गात अधूनमधून उफाळून येते, तिचा विचार आजवर केवळ यंत्रशास्त्राच्या अंगाने झाल्यामुळे तिचे खरे स्वरूप बरेचसे दुर्लक्षित राहिले आहे. वाहनाबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेने जो वाहनमालक गृहीत धरलेला असतो तो एकटा असतो, त्याच्या पायाखालची जमीन सपाट असते, वाहनाच्या दोन्ही बाजूंना त्याला मोकळेपणाने बसता येते आणि त्याचे काम संपेपर्यंत त्याला कोणीही काहीही विचारत नाही. या चार गृहीतकांपैकी एकही पुण्यातल्या, नाशिकातल्या किंवा डोंबिवलीतल्या गृहनिर्माण सोसायटीच्या पार्किंगमध्ये टिकत नाही. पुस्तिका आणि पार्किंग यांच्यामधील या दरीत नवशिका ज्या प्रकारे पडतो, त्याचे विवेचन येथे योजले आहे.

ऐतिहासिक दृष्टीने पाहता ही ऊर्मी नवी नसून मध्यंतरी लोपलेल्या एका जुन्या परंपरेचे पुनरुज्जीवन आहे. 1972 मध्ये बाजारात आलेली बजाज चेतक आणि त्या काळात रस्त्यावर असलेल्या राजदूत, येझदी इत्यादी मोटारसायकली टू-स्ट्रोक जातीच्या होत्या, म्हणजे पिस्टनच्या एका वरच्या आणि एका खालच्या खेपेत त्यांच्या इंजिनाचे कार्यचक्र पूर्ण होई आणि वंगणाचे ऑइल पेट्रोलबरोबरच जळून जाई. या जळक्या ऑइलची काजळी स्पार्क प्लगवर, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या बोटभर भागावर, साचत असल्यामुळे वाहन कोठेही बंद पडू शकत असे, आणि म्हणूनच प्लग काढणे, पॉलिश पेपरने घासणे, त्यावर फुंकर मारणे आणि तो पुन्हा बसवणे हे कौशल्य कारकुनापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना अवगत होते. पुढे 1985 मध्ये हीरो होंडा कंपनीने सीडी 100 ही फोर-स्ट्रोक मोटारसायकल आणली. तिच्या जाहिरातीचा आशय असा होता की टाकी भरावी, झाकण लावावे आणि विसरून जावे. जाहिरातीचा रोख पेट्रोलच्या बचतीकडे असला, तरी महाराष्ट्रातील ग्राहकाने तिच्यातील शेवटचे क्रियापद संपूर्ण वाहनाला लागू केले आणि पुढची काही दशके तो इंजिन ऑइल, चेन, एअर फिल्टर या सर्वांना निष्ठेने विसरून राहिला. वर्षातून एकदा खंडेनवमीला किंवा दसऱ्याला गाडी धुतली जाई, तिला हळदकुंकू लागे, हँडलला झेंडूची माळ चढे. त्या दिवशी चेनवर साचलेल्या चिखलाकडे एखाद्याचे लक्ष गेलेच, तर पूजेला ठेवलेले पाने-पकडी त्या दिवशी उचलायचे नसतात, हा आधार तयारच असे.

प्रस्तुत विवेचनात ‘नवशिका’ ही संज्ञा वाहन चालवण्यात नव्हे, तर वाहन उघडण्यात नवख्या असलेल्या व्यक्तीला उद्देशून वापरली आहे. तिला परवाना मिळून बहुधा वीस वर्षे झालेली असतात. विद्यमान निरीक्षणानुसार ही व्यक्ती बहुतकरून पुरुष असते, कारण दुचाकी चालवणाऱ्या स्त्रिया गाडीचा आवाज बदलताच ती सरळ गॅरेजमध्ये नेतात आणि रविवार वाचवतात. नवशिक्याच्या वृत्तीचा उगम सर्व्हिसिंगच्या बिलात सापडतो. त्या बिलात ‘कन्झ्युमेबल्स’ अशी एक ओळ असते. तिच्यात ग्रीस, चिंध्या आणि तत्सम वस्तू मोडतात, असे काउंटरवरून सांगण्यात येते, आणि घरात जुन्या बनियनांचा साठा असताना चिंध्यांचे पैसे मोजावे लागल्याचा सल नवशिक्याच्या मनात रुजतो. वास्तविक बिलातील मोठा आकडा सुट्या भागांचा असतो आणि ते भाग घरी काम केल्याने स्वस्त होत नाहीत. पण माणूस मोठ्या रकमेपुढे मान तुकवतो आणि छोट्या रकमेसाठी बंड करतो, हे अर्थशास्त्राला फारसे न पटणारे सत्य येथेही प्रत्ययास येते.

बंडाचे पहिले पाऊल हत्यारांच्या खरेदीचे असते. पाना म्हणजे नट किंवा बोल्ट फिरवण्याचे साधन, आणि त्यावरील आकडा हा नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधील अंतर मिलिमीटरमध्ये सांगतो. दोन्ही टोकांना उघडे तोंड असलेला डबल पाना नटाला केवळ दोन बाजूंनी धरतो, तर रिंग पाना त्याला चहूकडून वेढून सर्व कोपऱ्यांवर जोर वाटून देतो. त्यामुळे घट्ट बसलेल्या नटावर आधी रिंग पाना लावावा आणि नट सैल झाल्यावर डबल पाना हाती घ्यावा, असा गॅरेजमधला प्रघात आहे. नवशिका दुकानातून डबल पान्यांचाच संच आणतो, कारण चित्रांमध्ये पाना नेहमी तसाच दाखवलेला असतो. हा पाना घट्ट नटावरून सटकतो, नटाचे कोपरे झिजतात, नट गोल होतो, आणि गोल झालेल्या नटाला मग कोणताच पाना लागत नाही. पान्यांच्या संपूर्ण पेटीची किंमत तीन-चार सर्व्हिसिंगच्या मजुरीइतकी होत असल्याने बचतीला प्रारंभ नेमका कोणत्या वर्षी होणार, हे गणित गृहस्वामिनीने मांडायला घेतले की नवशिका ‘ही एकदाच करायची गुंतवणूक आहे’ असे म्हणून खाली पार्किंगमध्ये निघून जातो.

इंजिन ऑइल बदलणे ही नवशिक्याची पहिली पसंती असते, कारण त्या कृतीचे वर्णन एका वाक्यात उरकता येते : खालचा बोल्ट काढावा, जुने ऑइल वाहू द्यावे, बोल्ट लावावा आणि वरून नवे ओतावे. इंजिनाच्या आत फिरणारे व सरकणारे धातूचे भाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये ऑइलचा पातळ पडदा राखावा लागतो, आणि उष्णता, काजळी व धातूचे सूक्ष्म कण यांमुळे हे ऑइल हळूहळू निकामी होते, इतपत शास्त्र नवशिक्याने वाचलेले असते. डब्यावरील ‘10डब्ल्यू-30’ या खुणेचा अर्थ मात्र तो स्वतःच लावतो, आणि पुण्याचा पारा थंडीत 10 अंशांवर येतो म्हणून हे ऑइल पुण्यासाठीच बनवले असावे, असा निष्कर्ष काढतो. प्रत्यक्षात हे तापमानाचे आकडे नसून दाटपणाच्या प्रतवारीचे आहेत. डब्ल्यूसह असलेला आकडा ऑइल थंडीत कितपत वाहते ते दाखवतो आणि दुसरा आकडा 100 अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती उरतो ते. याहून महत्त्वाची खूण डब्यावर बारीक अक्षरात असते, ती ‘जासो एमए’ ही. बहुसंख्य मोटारसायकलींमध्ये इंजिनाचेच ऑइल क्लचच्या चकत्यांनाही भिजवत असल्यामुळे, घर्षण फार कमी करणारे असे मोटारीचे ऑइल त्यांत ओतले, तर इंजिन गुळगुळीत फिरते आणि क्लचही गुळगुळीत होऊन घसरू लागतो. ही सर्व माहिती मुखोद्गत करून नवशिका दुकानात जातो आणि प्रतवारी, मानक व प्रमाण अस्खलितपणे सांगतो. त्यावर दुकानदार ‘ते झालं, गाडी कोणती?’ एवढेच विचारतो आणि उत्तर पुरे होण्याआधी फडताळातून नेमका तोच डबा काढून ठेवतो.

ऑइल काढण्यापूर्वी इंजिन काही मिनिटे चालू ठेवावे, म्हणजे ऑइल पातळ होऊन तळाशी बसलेली घाण घेऊन बाहेर येते, ही सूचना योग्यच आहे. तिचा दुसरा अर्थ असा की त्यानंतर हाताळायची प्रत्येक वस्तू तापलेली असते. बोल्ट इंजिनाच्या पोटाशी, तोंड जमिनीकडे करून बसलेला असतो. बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवला की सैल होतो, हा नियम बोल्टच्या डोक्याकडे समोरून पाहणाऱ्यासाठी आहे. नवशिका वरून वाकलेला असल्यामुळे त्याची उलट दिशा बोल्टच्या दृष्टीने सुलट ठरते आणि जितक्या निष्ठेने तो बोल्ट सोडवू पाहतो तितक्याच निष्ठेने तो आवळत जातो. बोल्ट पोलादाचा आणि इंजिनाचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असल्यामुळे या ओढाताणीत हार नेहमी तळाची होते आणि आतले आटे जातात. आटे म्हणजे बोल्ट ज्यात पिळत जातो ती सर्पिल खाच. ती एकदा गेली की पुढचे काम खराद्याकडे, म्हणजे लेथवर काम करणाऱ्या कारागिराकडे, असते. चित्रफितींतून मिळणाऱ्या मार्गदर्शनात हा प्रसंग कधीच येत नाही, कारण त्यांतील प्रत्येक बोल्ट चित्रीकरणापूर्वी कोणीतरी सैल करून ठेवलेला असतो.

दिशेचा घोळ निस्तरून बोल्ट सैल झाला, तरी शेवटचा आटा सुटण्याचा क्षण बोटांना अजून ओळखता येत नसल्यामुळे बोल्ट आणि ऑइल एकदमच सुटतात. बोल्ट भांड्यात बुडतो आणि ऑइलची काळी धार मनगटावरून कोपराकडे निघते. भांड्याचा प्रश्न स्वतंत्र आहे. स्वयंपाकघरातील कोणतेही पातेले या कामासाठी मिळणार नाही, हे आधीच स्पष्ट झालेले असल्याने नवशिका श्रीखंडाचा रिकामा डबा पैदा करतो. आता श्रीखंड अर्ध्या किलोचे होते आणि शंभर सीसीच्या मोटारसायकलीतील ऑइल लिटरभरापेक्षा थोडेच कमी असते, या दोन तथ्यांची गाठ डबा काठोकाठ भरल्यावर पडते. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवरील डागाचा उगम हाच होय. बोल्टबरोबर एक पातळ वायसर असतो, तो दाबला जाऊन फटी बुजवत असल्याने दर खेपेस नवा घालावा, असे पुस्तिका सांगते. तो पातळ असल्यामुळेच जुन्या ऑइलच्या तळाशी राहून जातो आणि त्याची आठवण बोल्ट लागून गेल्यावर होते.

बोल्ट किती आवळावा, हा या शास्त्रातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. पुस्तिका त्याचे उत्तर किलोग्रॅम-मीटर या एककात देते. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला एक किलोचे वजन टांगले असता जेवढा पीळ बसतो, तेवढा एक किलोग्रॅम-मीटर. तो पीळ मोजणारा टॉर्क रेंच नवशिक्याच्या पेटीत नसतो, आणि नाक्यावरच्या मेकॅनिकला विचारले तर ‘हाताला कळतं’ असे उत्तर मिळते. हे उत्तर उडवाउडवीचे मानण्याची चूक करू नये. हजारो बोल्ट आवळलेल्या मनगटाला वायसर दबला तो क्षण खरोखरच कळतो, आणि हे ज्ञान कोणत्याही एककात मांडता येत नाही. नवशिक्याचा हात मात्र ‘गळेल की काय’ आणि ‘आटे जातील की काय’ या दोन भीतींच्या मध्ये कोठेतरी थांबतो आणि पुढचे आठ दिवस तो सकाळी चहाआधी खाली जाऊन गाडीच्या पोटाखाली बोट फिरवून पाहतो.

नवे ऑइल ओतल्यानंतर डिपस्टिकवर, म्हणजे झाकणाला जोडलेल्या पट्टीवर, त्याची पातळी पाहावयाची असते. त्यासाठी गाडी सपाट जागी डबल स्टँडवर उभी असावी लागते. पार्किंगला पावसाचे पाणी निचरावे म्हणून मुद्दाम उतार दिलेला असल्यामुळे गाडीचे तोंड गेटाकडे असताना ऑइल जास्त भरते आणि जिन्याकडे असताना कमी. बहुतेक नवशिके या दोन मापांची सरासरी घेतात.

येथवर जे वर्णिले ते एकांतात घडत नाही. मांडी घालून जमिनीवर बसलेला गृहस्थ आणि त्याच्याभोवती पसरलेले पाने हे दृश्य दिसताच सोसायटीतील पहिला प्रेक्षक ‘काय, गॅरेज टाकलं वाटतं?’ असे विचारतो, दुसरा तेच विचारतो, आणि तिसरा आपल्याही गाडीचे ‘जरा बघा’ म्हणून सांगून जातो. सेक्रेटरी डागाकडे पाहत राहतात. या सर्वांत विचारात घ्यावे असे व्यक्तिमत्त्व म्हणजे निवृत्त काका. त्यांनी नाव नोंदवून कित्येक वर्षे वाट पाहिल्यानंतर स्कूटर मिळवलेली असते, ती सकाळी आडवी कलती करून मगच किक मारायची असते हे त्यांना ठाऊक असते, आणि दुरुस्तीबाबतचा त्यांचा अधिकार निर्विवाद असतो. ‘आमच्या वेळी नव्हतं बाबा हे ऑइल बदलण्याचं खूळ. पंपावर पेट्रोलबरोबर ऑइल टाकून घ्यायचं, की झालं,’ असे ते सांगतात, आणि ते खरेही असते. त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनाचे ऑइल रोजच जळून धूर होत असल्याने ते बदलण्याचा प्रसंगच येत नसे. त्यांचा प्रत्येक सल्ला अनुभवसिद्ध आणि अचूक असतो, फक्त तो दुसऱ्या यंत्राविषयीचा असतो. ‘आधी प्लग काढून बघ,’ हे त्यांचे अंतिम मत, मग प्रश्न ब्रेकचा का असेना.

दुसऱ्या रविवारी चेनचा क्रम लागतो. इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारी ही कड्यांची माळ झिजून लांबते व ढिली पडते, म्हणून चाक थोडे मागे ओढून ती ताणावी लागते. पण ती पूर्ण ताणूनही चालत नाही, कारण खड्ड्यात चाक वर-खाली होताना पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांमधील अंतर बदलते आणि त्यासाठी चेनला सामान्यतः दोन ते तीन सेंटीमीटरचा झोल ठेवावा लागतो. ढिली चेन आवाज करते, म्हणून नवशिक्याला तिची भीती वाटते. अति ताणलेली चेन काहीच बोलत नाही आणि निमूटपणे बेअरिंग खाते. चेन आधी रॉकेलने धुवावी असे जुने जाणते सांगतात, पण शहरात रॉकेल आता दिसेनासे झाल्याने त्या जागी डिझेल आले आहे. धुताना इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरते ठेवण्याची एक रीत काही ठिकाणी आढळते. तिच्यात चिंधीबरोबर बोटही चेन व चक्र यांच्यामध्ये ओढले जाते आणि तुटते, म्हणून चाक हातानेच फिरवावे, आणि या वाक्यात विनोद शोधू नये.

मागच्या चाकाच्या आसाशेजारी दोन्ही बाजूंना रेघा कोरलेल्या असतात आणि चाक सरळ राहावे म्हणून दोन्हीकडचे काटे सारख्याच रेघेवर आणावे लागतात. पुस्तिकेचे तिसरे गृहीतक येथे आडवे येते. डावी बाजू मोकळी असते, तेथे चेन असते, उजेड असतो आणि काका असतात. उजवी बाजू भिंतीला लागलेली असते आणि भिंत व सायलेन्सर यांच्यामधील वीतभर अंतरात हात जातो पण डोके जात नाही. डावीकडची रेघ नवशिका डोळ्यांनी मोजतो, उजवीकडची अंदाजाने. शिवाय एक गोष्ट केली की दुसरी बिघडते, हा यंत्राचा स्वभाव त्याला येथे प्रथमच कळतो : चाक मागे सरकल्याने मागच्या ड्रम ब्रेकला जोडलेली सळई ताणली जाते, ब्रेक लागल्यासारखाच राहतो आणि चाक दिवसभर घासत फिरते. ‘तुमचं मागचं चाक घासतंय’ हे सिग्नलला शेजारी थांबलेल्या अनोळखी माणसाने सांगेपर्यंत नवशिका अ‍ॅव्हरेज कमी झाल्याचा दोष पेट्रोल पंपाला देत असतो.

उरलेल्या कामांची दखल थोडक्यात घेतली तरी चालेल. टायरची हवा पाहण्यास अक्कल लागत नाही, केवळ आठवण लागते, आणि म्हणूनच ते काम सर्वांत कमी वेळा होते. बॅटरी काढताना आधी ऋण टोकाची वायर सोडवावी, कारण वाहनाची चौकट ऋण टोकाला जोडलेली असते आणि धन टोकावरचा पाना चौकटीला टेकला तर शॉर्ट सर्किट होऊन पान्यावर ठिणग्यांचा डाग कायमचा राहतो. हा डाग ज्याच्या पान्यावर आहे त्याने हा नियम पुन्हा वाचण्याची गरज नसते. कार्बोरेटर, म्हणजे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणारे पितळी छिद्रांचे उपकरण, खोलून साफ करण्याची महत्त्वाकांक्षा पूर्वी प्रत्येक नवशिक्याला होत असे. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 ही प्रदूषण-मानके लागू झाली, नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आले आणि ती महत्त्वाकांक्षा मावळली. पर्यावरणाचा लाभ किती झाला ते तज्ज्ञांनी सांगावे. कित्येक गाड्या मात्र त्यामुळे आपल्या मालकांच्या हातून वाचल्या, यात शंका नाही.

शेवटी प्रश्न राहतो तो श्रीखंडाच्या डब्यात आणि दोन पाण्याच्या बाटल्यांत साठवलेल्या जुन्या ऑइलचा. वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते, ते गटारात ओतणे बेकायदा आहे, घंटागाडीवाले ते घेत नाहीत आणि बाल्कनीत ते ठेवू दिले जात नाही. ते पिंपात साठवून पुनर्प्रक्रियेसाठी देण्याची सोय शहरात ज्याच्याकडे हमखास असते तो नाक्यावरचा मेकॅनिकच होय, आणि म्हणून ज्याच्यापासून स्वतंत्र व्हायचे होते त्याच्याच दारात नवशिक्याला बाटल्या घेऊन जावे लागते. मेकॅनिक बाटल्यांकडे पाहतो व काही विचारत नाही. मग बसल्या जागेवरून गाडीच्या मागच्या बाजूकडे पाहतो आणि एक डोळा मिटतो. ‘साहेब, चाक वाकडं बसलंय. उजवीकडं दोन रेघा मागं आहे.’ तो रिंग पाना घेतो, गाडी भिंतीपासून दूर, रस्त्याच्या मधोमध ओढतो आणि दोन्ही बाजूंना बसून काटे सारखे करतो. जाता जाता ब्रेकच्या सळईचा नट सैल करतो, ऑइलचा बोल्ट बोटाने चाचपतो आणि ‘वायसर जुनाच ना?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता नवा घालतो. किती झाले असे विचारल्यावर तो हात हलवून ‘राहू द्या’ म्हणतो. मेकॅनिकच्या या औदार्याची वार्ता नवशिका घरी आणि पार्किंगमध्ये कित्येक दिवस सांगत असतो. पिंपातले जुने ऑइल लिटरच्या भावाने विकले जाते, ही माहिती त्याला काका देतात.